एरर ८२४ पुन्हा पुन्हा येतो: एसक्यूएल सर्व्हरमधलं करप्ट पेज शोधणं, दुरुस्त करणं आणि मुळावर जाणं

एखादी क्वेरी किंवा रिपोर्ट मध्येच तुटतो, कनेक्शन जातं आणि एरर लॉगमध्ये ८२४ ची नोंद दिसते: चेकसम (पेजमधल्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळत नाही, फाइल १, पेज १४३. पेज म्हणजे एसक्यूएल सर्व्हर डेटा ज्या ८ केबीच्या तुकड्यांत ठेवतो त्यातला एक. कोणीतरी इंडेक्स रीबिल्ड करतं, एरर थांबतो, सगळे सुटकेचा श्वास सोडतात. काही आठवड्यांनी दुसऱ्याच टेबलातल्या दुसऱ्याच पेजवर तोच एरर हजर होतो. हे चक्र चालू असेल तर प्रश्न दोन आहेत आणि ते वेगवेगळे हाताळायला हवेत. एक, आत्ता बिघडलेलं पेज डेटा न गमावता कसं सुधारायचं. दोन, पेजेस बिघडवतंय कोण.

खालच्या कमांड वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच करायच्या.

आधी काय करायचं नाही

सर्व्हिस रीस्टार्ट करू नका. रीस्टार्टनंतर डेटाबेस रिकव्हरीत जातो, आणि त्या रिकव्हरीला नेमकं तेच खराब पेज लागलं तर आत्तापर्यंत चालू असलेला डेटाबेस सस्पेक्ट, म्हणजे उघडताच न येणारा, होऊन बसतो. एक पेज गेलं होतं, आता सगळंच बंद.

डेटाबेस डिटॅच करू नका. खराब डेटाबेस डिटॅच होतो सहज, पण परत अटॅच होईलच याची खात्री नसते.

आणि दुरुस्तीचा 'रिपेअर_अलाउ_डेटा_लॉस' हा पर्याय सध्या विसरून जा. नावातच सांगितलंय की डेटा जाणार, तरी घाईत लोक सर्वांत आधी तिथेच पोचतात. चेकडीबीच्या (सगळा डेटाबेस तपासणाऱ्या कमांडच्या) रिपोर्टच्या शेवटी 'किमान रिपेअर पातळी' म्हणून बऱ्याचदा हाच पर्याय छापलेला असतो, त्यामुळे तो सल्ला वाटतो. तो सल्ला नाही. रिपेअर करायचंच ठरवलं तर किमान कोणती पातळी लागेल, एवढीच ती माहिती आहे.

फाइल ज्या ड्राइव्हवर आहे तिथे डेटाबेस चालू असताना चेकडिस्क दुरुस्तीच्या पर्यायासह चालवणंही टाळा. फाइलसिस्टिमच तपासायची असेल तर आधी डेटाबेस ऑफलाइन घेऊन डेटा आणि लॉग फाइलींची कॉपी दुसऱ्या डिस्कवर ठेवा.

एरर नेमका कोणता

८२३, ८२४ आणि ८२५ हे तिघे भाऊ आहेत, पण त्यांचा अर्थ वेगळा. ८२३ म्हणजे वाचन किंवा लेखन करताना ऑपरेटिंग सिस्टिमनेच एरर परत दिला. ८२४ म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या मते वाचन व्यवस्थित झालं, पण हाती आलेलं ८ केबीचं पेज चुकीचं आहे: चेकसम जुळत नाही, पेज अर्धवट लिहिलं गेलंय, किंवा हेडरमध्ये भलताच पेज क्रमांक आहे. ८२५ सर्वांत फसवा. पहिल्या वाचनात पेज खराब निघालं, सर्व्हरने पुन्हा प्रयत्न केला आणि ते नीट वाचता आलं. क्वेरी यशस्वी होते, वापरणाऱ्याला काही कळत नाही, आणि एरर लॉगमध्ये सिव्हिरिटी १० ची एक ओळ गुपचूप पडते. सिव्हिरिटी १० म्हणजे निव्वळ माहिती, त्यामुळे नेहमीचे अलर्ट तिच्यासाठी वाजतच नाहीत. खरं तर पुढे येणाऱ्या ८२४ ची ही आगाऊ सूचना असते.

८३२ दिसला तर डिस्क सोडा, आधी रॅम तपासा. मेमरीत असलेलं, कोणी न बदललेलं पेज आपोआप बदलल्याचं सर्व्हर सांगतोय. उलट ६०५ सिव्हिरिटी १२ सह आणि नोलॉक (लॉक न घेता वाचण्याची सूचना) वापरणाऱ्या क्वेरीलाच येत असेल तर लगेच घाबरू नका. तिथे वाचता वाचता पेज दुसरीकडे गेलेलं असू शकतं. क्वेरी नोलॉकशिवाय चालवून बघा.

८२४ च्या मेसेजमध्ये ऑफसेटही असतो. त्याला ८१९२ ने भागलं की पेज क्रमांक मिळतो. उदाहरणार्थ ११,७१,४५६ भागिले ८१९२ म्हणजे १४३. मेसेजमधल्या क्रमांकाशी तो जुळतोय का एवढं पाहून घ्या. ऑफसेट हेक्साडेसिमलमध्ये छापलेला असतो, आधी दशमानात आणा.

मग एमएसडीबी या सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसमधलं 'सस्पेक्ट_पेजेस' हे टेबल उघडा. तिथे प्रत्येक खराब पेजची फाइल, क्रमांक, किती वेळा गाठ पडली आणि शेवटची वेळ मिळते. इव्हेंट टाइप १ म्हणजे ८२३ किंवा कारण न सांगितलेला ८२४, २ म्हणजे चेकसम, ३ म्हणजे अर्धवट लिहिलेलं पेज. ४, ५ आणि ७ म्हणजे अनुक्रमे रिस्टोअर झालं, रिपेअर झालं, डीबीसीसीने काढून टाकलं. या टेबलाची मर्यादा १००० ओळींची आहे आणि ते भरलं की नवीन नोंदी होत नाहीत. निपटलेल्या ओळी तुम्हीच काढायच्या असतात, सर्व्हर काढत नाही.

पूर्ण चित्र घ्या

डीबीसीसी चेकडीबी ('विक्री') विथ नो_इन्फोएमएसजीएस, ऑल_एररएमएसजीएस

हे पूर्ण होऊ द्या. मोठ्या डेटाबेसवर तासन् तास लागतात. मध्येच थांबवलं तर खराब पेज एक आहे की चाळीस, हे कळणार नाही आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्यावरच आहे. आउटपुट फाइलमध्ये साठवा.

रिपोर्टमध्ये सर्वांत आधी बघायचं ते इंडेक्स आयडी. ० म्हणजे हीप (क्लस्टर्ड इंडेक्स नसलेलं टेबल), १ म्हणजे क्लस्टर्ड इंडेक्स; दोन्ही म्हणजे प्रत्यक्ष डेटा. २ किंवा पुढचा आकडा म्हणजे नॉनक्लस्टर्ड इंडेक्स, म्हणजे त्याच डेटाची दुसरीकडे ठेवलेली प्रत. खराब पेजेस सगळी २ आणि पुढच्या आयडीची असतील तर एकही रेकॉर्ड गेलेलं नाही.

दुसरं, पेज क्रमांक. प्रत्येक फाइलचं पेज ० हे फाइल हेडर, १:९ हे डेटाबेसचं बूट पेज. फाइलमधलं पेज १ आणि त्यानंतर दर ८०८८ पेजेसनंतर येणारं पीएफएस पेज, पेज २ आणि ३ ही जॅम आणि एसजॅम पेजेस, ती दर ५,११,२३२ पेजेसनंतर पुन्हा येतात. पीएफएस, जॅम आणि एसजॅम ही फाइलमधली कोणती जागा वापरात आहे याचा हिशेब ठेवणारी पेजेस. यांपैकी काही खराब असेल तर सुटं पेज रिस्टोअर करता येत नाही. सरळ पूर्ण रिस्टोअरची तयारी करा, खालचा बराचसा मजकूर तुमच्यासाठी नाही.

खराब पेज टेम्पडीबीमध्ये (तात्पुरत्या डेटाच्या डेटाबेसमध्ये) असेल, म्हणजे डेटाबेस आयडी २, तर दुरुस्त करायला काहीच नाही. टेम्पडीबीच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर हलवा, सर्व्हिस सोयीच्या वेळी रीस्टार्ट करा आणि शेवटच्या भागाकडे वळा.

नॉनक्लस्टर्ड इंडेक्स असेल तर

हा सोपा प्रकार, पण इथेही एक खड्डा आहे. ऑनलाइन रीबिल्ड केलं तर नवा इंडेक्स जुन्या, खराब इंडेक्समधूनच वाचून बांधला जातो. म्हणून ऑनलाइन पर्याय वापरू नका. खात्रीचा मार्ग म्हणजे आधी डिसेबल, मग रीबिल्ड. डिसेबल झालेल्या इंडेक्समधून काही वाचता येत नाही, त्यामुळे सर्व्हरला मूळ टेबलाकडेच जावं लागतं.

आल्टर इंडेक्स आयएक्स_ग्राहक ऑन ऑर्डर्स डिसेबल
आल्टर इंडेक्स आयएक्स_ग्राहक ऑन ऑर्डर्स रीबिल्ड

इंडेक्स युनिक असेल आणि त्यावर दुसऱ्या टेबलांच्या फॉरेन की टेकलेल्या असतील, तर डिसेबल करताच त्या फॉरेन कीसुद्धा बंद पडतात आणि रीबिल्डनंतर आपोआप चालू होत नाहीत. त्या 'विथ चेक चेक कन्स्ट्रेंट' लावून परत चालू कराव्या लागतात. 'चेक' दोनदा लिहायचं, ती छपाईची चूक नाही. आणि चुकूनही क्लस्टर्ड इंडेक्स डिसेबल करू नका, सगळं टेबलच बंद होतं.

डेटाचं पेज असेल तर: पेज रिस्टोअर

फुल रिकव्हरी मॉडेल (बॅकअप होईपर्यंत सगळे बदल लॉगमध्ये ठेवणारं सेटिंग) आणि सलग लॉग बॅकअप असतील, तर फक्त ते एक पेज बॅकअपमधून आणून लॉगच्या आधारे आत्ताच्या क्षणापर्यंत पुढे आणता येतं. एकही रेकॉर्ड जात नाही. सिंपल रिकव्हरी मॉडेलमध्ये ही सोय मिळत नाही.

आधी बॅकअप निवडा. कालचा फुल बॅकअप घेतला त्याआधीच पेज खराब झालं असेल, तर बॅकअपमध्येही तेच खराब पेज आहे. बॅकअप 'विथ चेकसम' घेतले जात असतील तर खराब पेज लागताच बॅकअप फेल झाला असता. तसे घेतले नसतील तर बॅकअप यशस्वी होणं म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. चेकडीबी शेवटचं स्वच्छ कधी निघालं, ते 'डेटाबेसप्रॉपर्टीइएक्स' या फंक्शनला 'लास्टगुडचेकडीबीटाइम' देऊन कळतं. एसक्यूएल सर्व्हर २०१६ च्या सर्व्हिस पॅक २ पासून ही सोय आहे. त्या तारखेच्या आधीचा फुल बॅकअप घ्या आणि शक्य असेल तर दुसऱ्या सर्व्हरवर वेगळ्या नावाने रिस्टोअर करून त्यावर चेकडीबी चालवून बघा.

तो बॅकअप तीन आठवडे जुना असला तरी बिघडत नाही. मधे घेतलेल्या फुल बॅकअपमुळे लॉगची साखळी तुटत नाही. जुना फुल आणि तेव्हापासूनचे सगळे लॉग हातात असले की पुरे. जुने लॉग बॅकअप फुल बॅकअप होताच पुसून टाकणारे मेंटेनन्स जॉब नेमके इथे आडवे येतात.

एंटरप्राइझ एडिशनमध्ये डेटाबेस चालू ठेवून हे करता येतं:

रिस्टोअर डेटाबेस विक्री पेज = '१:१४३' फ्रॉम डिस्क = 'फुल बॅकअपची फाइल' विथ नोरिकव्हरी
मग डिफरेन्शियल (फुल बॅकअपनंतर बदललेल्या भागाचा बॅकअप) वापरायचा असेल तर तो, आणि त्यानंतरचे सगळे लॉग बॅकअप क्रमाने, प्रत्येक विथ नोरिकव्हरी
बॅकअप लॉग विक्री टू डिस्क = 'नवीन लॉग फाइल'
रिस्टोअर लॉग विक्री फ्रॉम डिस्क = 'नवीन लॉग फाइल' विथ रिकव्हरी

अनेक पेजेस असतील तर स्वल्पविरामाने एकाच यादीत द्या, एका वेळी १००० पर्यंत चालतात. डिफरेन्शियल वापरणार असाल तर तो निवडलेल्या फुल बॅकअपवरच आधारलेला असायला हवा. शंका असेल तर तो सोडा, फक्त लॉग लावा.

सर्वांत जास्त लोक अडकतात ते तिसऱ्या पायरीवर. असलेले सगळे लॉग लावले, तरी सर्व्हर म्हणतो की अजून पुढचा लॉग हवा. बरोबरच आहे. रिस्टोअर सुरू केल्याच्या क्षणापर्यंत पेज पुढे यायला हवं, आणि तो भाग अजून कुठल्याच लॉग बॅकअपमध्ये नाही. म्हणून नवा लॉग बॅकअप रिस्टोअर सुरू झाल्या*नंतर* घ्यायचा आणि लावायचा. तोवर त्या पेजला हात लावणारी क्वेरी ८२९ देते, म्हणजे पेज रिस्टोअर पूर्ण व्हायची वाट बघतंय. नवीन बिघाड नाही तो.

स्टँडर्ड एडिशनमध्ये हेच ऑफलाइन होतं. क्रम उलटतो: आधी बॅकअप लॉग विथ नोरिकव्हरी घेऊन डेटाबेस रिस्टोअरिंग अवस्थेत न्या, मग पेज, मग जुने लॉग, आणि शेवटी तोच पहिला घेतलेला लॉग विथ रिकव्हरी.

झालं की ते टेबल डीबीसीसी चेकटेबलने तपासा. अव्हेलेबिलिटी ग्रुप (डेटाबेसच्या जुळत्या प्रती, म्हणजे रेप्लिका, दुसऱ्या सर्व्हरवर ठेवण्याची सोय) असेल तर बऱ्याचदा हे सगळं करायची वेळच येत नाही, सर्व्हर दुसऱ्या रेप्लिकाकडून चांगलं पेज मागून घेतो. 'सिस डॉट डीएम_एचएडीआर_ऑटो_पेज_रिपेअर' मध्ये नोंदी सापडल्या तर पेज सुधारल्याचा आनंद थोडा आणि डिस्कची चिंता जास्त करा.

वापरता येईल असा बॅकअप नसेल तर

रिपेअर चालवण्याआधी वाचवता येईल तेवढं बाहेर काढा. रेकॉर्ड सरासरी २०० बाइटचं असेल तर एका पेजमध्ये साधारण ४० रेकॉर्ड मावतात. प्रश्न त्या चाळिसांचाच आहे, लाखो रेकॉर्डच्या टेबलाचा नाही.

ट्रेस फ्लॅग ३६०४ (आउटपुट स्क्रीनवर दाखवणारा) चालू करून डीबीसीसी पेज ('विक्री', १, १४३, ०) चालवा आणि हेडरमधून मागचं आणि पुढचं पेज शोधा. ती १४२ आणि १४४ असतीलच असं नाही; शेजार कीच्या क्रमाने असतो, फाइलमधल्या जागेने नाही. हेडरच उद्ध्वस्त असेल तर चेकडीबीच्या रिपोर्टमधले ८९७६ आणि ८९७८ हे मेसेज वाचा, त्यांत शेजारच्या पेजेसचे क्रमांक असतात. मग शेजारची दोन्ही पेजेस डीबीसीसी पेजमध्ये शेवटचा आकडा ३ देऊन उघडा. समजा, मागच्या पेजमधली शेवटची की ५८,२१४ आणि पुढच्यातली पहिली ५८,२५५ आहे. म्हणजे ५८,२१५ ते ५८,२५४ एवढाच पट्टा गेलाय.

आता ५८,२१४ पर्यंतचे रेकॉर्ड एका क्वेरीने आणि ५८,२५५ पासूनचे दुसऱ्या क्वेरीने नव्या टेबलात घ्या. व्हेअरची अट क्लस्टर्ड कीवरच हवी, म्हणजे सर्व्हर थेट योग्य जागी उतरतो आणि खराब पेजला शिवत नाही. एकच क्वेरी लिहून 'मधले सोडून सगळे' मागण्याचा मोह टाळा, प्लॅन स्कॅनचा निघाला तर कनेक्शन पुन्हा तुटेल.

मधल्या चाळीस रेकॉर्डचेही बरेच कॉलम परत मिळतात, कारण प्रत्येक नॉनक्लस्टर्ड इंडेक्समध्ये त्याचे स्वतःचे कॉलम आणि क्लस्टर्ड की दोन्ही असतात. इंडेक्स हिंट देऊन, फक्त त्या इंडेक्समध्ये असलेलेच कॉलम मागा. एक जास्तीचा कॉलम मागितला की सर्व्हर मूळ पेजकडे धावणार आणि ८२४ येणार. तीन-चार इंडेक्सचे निकाल कीवर जोडले की रेकॉर्ड बऱ्यापैकी उभं राहतं. उरलेले कॉलम जुन्या बॅकअपच्या रिस्टोअर केलेल्या प्रतीतून भरा. ही पायरी वगळून थेट रिपेअर चालवलं तर तेच रेकॉर्ड नॉनक्लस्टर्ड इंडेक्समधूनही पुसले जातात आणि मग ही संधी संपते.

त्यानंतर रिपेअर. डेटाबेस सिंगल यूजर मोडमध्ये न्या, बिगिन ट्रान करा, आणि खराब टेबल एकच असेल तर डीबीसीसी चेकटेबल 'रिपेअर_अलाउ_डेटा_लॉस' या पर्यायासह चालवा. काय गेलं ते मोजा, पटलं तर कमिट, नाहीतर रोलबॅक. ही रोलबॅकची सोय इमर्जन्सी मोडमध्ये मिळत नाही, तिथे चालवलेलं रिपेअर कायमचं. रिपेअर फॉरेन की पाळत नाही, त्यामुळे नंतर डीबीसीसी चेककन्स्ट्रेंट्स विथ ऑल_कन्स्ट्रेंट्स चालवून पोरके झालेले रेकॉर्ड शोधा, आणि वाचवलेले रेकॉर्ड परत घाला. सगळं झाल्यावर लगेच फुल बॅकअप.

परत का येतं

आधी एका भ्रमाची विल्हेवाट. रात्री चेकडीबीने खराब पेज दाखवलं, सकाळी पुन्हा चालवलं तर सगळं स्वच्छ. मधल्या वेळात इंडेक्स रीबिल्डचा जॉब चालला होता. रीबिल्डने जुनी पेजेस सोडून दिली, आणि चेकडीबी वापरात असलेलीच पेजेस तपासतं. बिघाड बरा झाला नाही, नजरेआड झाला. म्हणून चेकडीबी आधी, रीबिल्ड नंतर, आणि चेकडीबी फेल झालं तर रीबिल्ड चालूच होऊ नये, असा जॉबचा क्रम लावा.

कोण बिघडवतंय ते एररच्या पॅटर्नवरून बरंचसं कळतं. कायम तेच पेज म्हणजे एकदा चुकीचं लिहिलं गेलं आणि कोणी सुधारलंच नाही. दर वेळी वेगळं पेज, वेगळा डेटाबेस, पण ड्राइव्ह एकच असेल तर ती डिस्क, तिचा कंट्रोलर किंवा स्टोरेजपर्यंतची वाट. वेगवेगळ्या ड्राइव्हवर एररची पखरण असेल तर रॅम, ड्रायव्हर किंवा फाइलींच्या वाटेत बसलेला अँटिव्हायरससारखा फिल्टर ड्रायव्हर.

विंडोजच्या सिस्टिम इव्हेंट लॉगमध्ये त्याच वेळेच्या आसपास ७, ११, ५१, ५५, १२९ आणि १५३ शोधा. ७ खराब ब्लॉक, ५५ फाइलसिस्टिमचा बिघाड, १२९ डिव्हाइस रीसेट, १५३ पुन्हा करावं लागलेलं वाचन-लेखन. १२९ आणि १५३ ची रांग लागली असेल तर स्टोरेजवाल्यांशी वाद घालायला एवढा पुरावा पुरतो. 'आमच्याकडे सगळं हिरवं दिसतंय' हे उत्तर ठरलेलं असतं. त्यावर एसक्यूएलआयओसिम चालवून दाखवा. ते एसक्यूएल सर्व्हरसारखंच वाचन-लेखन करून पडताळून बघतं आणि डेटाबेसचा त्यात काही संबंधच नसतो. चालू सर्व्हरवर मात्र गर्दीच्या वेळी नको, डिस्कला धाप लागते.

कंट्रोलरचं फर्मवेअर, ड्रायव्हरची आवृत्ती आणि राइट कॅशची बॅटरी तपासा. बॅटरी मेलेली आणि राइट कॅश चालू ही जोडी वीज गेली की पेजेस अर्धवट लिहून ठेवते. डेटा आणि लॉग फाइली अँटिव्हायरसच्या स्कॅनमधून वगळलेल्या आहेत ना, तेही बघा.

पेज व्हेरिफाय हा पर्याय चेकसमवर आहे का ते प्रत्येक डेटाबेससाठी पाहा. एसक्यूएल सर्व्हर २००५ पासून नव्या डेटाबेसना तो आपोआप मिळतो, पण त्याआधीच्या आवृत्तीवरून आणलेले डेटाबेस जुन्याच सेटिंगवर राहिलेले सापडतात. पर्याय बदलल्याने जुन्या पेजेसवर चेकसम येत नाही. पेज पुन्हा लिहिलं जाईल तेव्हाच येतो. मोठ्या टेबलांचे इंडेक्स एकदा रीबिल्ड केले की बहुतेक पेजेस पुन्हा लिहिली जातात.

एसक्यूएल सर्व्हर एजंटमध्ये (जॉब आणि अलर्ट सांभाळणाऱ्या सेवेत) सिव्हिरिटी १९ ते २५ साठी अलर्ट लावा आणि ८२५ साठी क्रमांकाने वेगळा. सगळे बॅकअप विथ चेकसम. चेकडीबीची वारंवारता लॉग बॅकअप किती दिवस ठेवता त्यावर ठरवा: लॉग १४ दिवस ठेवत असाल आणि चेकडीबी महिन्यातून एकदा चालत असेल, तर बिघाड कळेपर्यंत पेज रिस्टोअरला लागणारे लॉग पुसले गेलेले असतील. ते आठवड्याला आणा, किंवा लॉग जास्त दिवस ठेवा.